तिले सांगजो

आक्का, तुमच्या पुस्तकाचा पाचवा भाग अजून आलेला नाही. सोनूने काल अकोल्याहून फोन केला तेव्हा मी तिला पुन्हा बघायला लावलं. लिहिणारा माणूस अजून लिहितोच आहे म्हणे. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, पुस्तक लिहिते का विहीर खोदते हा माणूस. मी सोनूला तसं म्हणून दाखवलं. ती हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. आम्हा मायलेकींचं फोनवर असंच होतं. आधी फोन तुमच्या हातात असायचा, म्हणून चालून जायचं.

तुम्ही गेल्यापासून घरातला आवाज कमी झाला आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहिते. सकाळी तुमचे भाऊ वावरात जातात. मी भाकरी, धुणं, बकरीचं पाणी उरकते आणि दुपारी तुमच्या शिलाई मशीनजवळ येऊन बसते. मशीन झाकून ठेवली आहे. वडनेरच्या बाया अजून ब्लाउजचं कापड घेऊन येतात. दारात आल्यावर त्यांना आठवतं, मग पिशवी पदराखाली धरून थोडा वेळ बसतात. मी पाणी देते. त्यांना वाटतं, मी तुमच्याबद्दल काही सांगेन. मला ते जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून इथे लिहिते. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गल्लीतले विचारायचे, सून मुकी आहे का. तुम्ही त्याआधी थोडेच दिवस सासर सोडून भावाकडे आल्या होत्या. ओट्यावर मशीन टाकली होती. तुम्ही मला हुक लावायला आणि तुरपाईला जवळ बसवलं आणि विचारलं, शाळा किती झाली. मी चार बोटं दाखवली. तुम्ही म्हणाल्या, "बस्स झालं. ऐकाले तेवढी पुरते." आणि मशीन चालवता चालवता एका उडत्या घोड्याची गोष्ट सुरू केली, जशी काही तो घोडा काल तुम्ही मलकापूरच्या बाजारात बघितला होता.

तुम्हाला असलीच पुस्तकं लागायची. राक्षस, जादूगार, पाण्याखालची नगरं, बोलणारी झाडं. कुणी संसाराची कादंबरी आणून दिली तर तुम्ही दोन दिवसांत परत करायच्या. म्हणायच्या, "हे तं आपल्या गल्लीत फुकट पाह्यले भेटते." गल्लीतल्या बाया हसायच्या, एवढी मोठी बाई आणि राक्षसाच्या गोष्टी वाचते. तुम्ही त्यांच्या ब्लाउजची बाही कापता कापता त्यांनाही राक्षस सांगायच्या. माप घेऊन झालं तरी त्या उठायच्या नाहीत.

गोष्टीला तुमचा एकच नियम होता. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. मी हुं म्हटलं की मशीन पुढे चालायची. मी हुक लावण्याच्या नादात विसरले की तुमचा पाय थांबायचा. "झोपली का वं शोभे?" मग मी घाईघाईनं हुं म्हणायचे. या घरात मी सगळ्यात आधी कोणता शब्द बोलले असेन तर तो हुं. त्यानंतर मंग. पुष्कळ दिवसांनी एकदा मी काऊन असं विचारलं, तेव्हा तुम्ही मशीन सोडून माझ्याकडे बघितलं होतं. राणीनं तो पाट्याचा दगड काऊन गिळला, एवढंच विचारलं होतं मी. तुम्ही म्हणाल्या, ते मलेबी नाई समजलं. मला फार बरं वाटलं.

मग ती जाडी पुस्तकं आली. पहिला भाग तुम्हाला खामगावच्या रद्दीवाल्याकडे सापडला. हिंदीतला, वरचं पुठ्ठं नाही, सुरुवातीची पानं नाहीत. गोष्ट कशी सुरू झाली ते तुम्हाला कधीच कळलं नाही, पण त्यानं काही अडलं नाही. पुढचे भाग सोनू कॉलेजात होती तेव्हा तिने आणून दिले. त्यातली नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून तुम्ही ती बदलून टाकली. लाल केसांची जादूगारीण, ती तांबडी. तिचा राजा भाऊ, तो गढीवाला. आणि खाऱ्या तळ्याच्या तळाशी राहणारं ते आग ओकणारं जनावर, ती घोरपड. तांबडीला तळ्यापलीकडच्या राजाला दिली होती. तिथून ती परत आली तर भावानं गढीचं दार लावून घेतलं. मग ती तळ्याकाठी राहिली, घोरपडीची बोली शिकली. चौथ्या भागाच्या शेवटी ती घोरपड घेऊन गढीसमोर येऊन उभी राहते आणि पुस्तक संपतं. तेव्हापासून आपण पाचव्या भागाची वाट बघत होतो.

मागच्या आठवड्यात मी पहिला भाग उघडून बसले. बोट ठेवून वाचते, हिंदी आहे, वेळ लागतो. पण आक्का, त्यात आपली माणसंच नाहीत. सगळी परकी नावं. गढीवाला कोणता, तळ्यापलीकडचा राजा कोणता, काही पत्ता लागेना. शेवटी लाल केसांची एक बाई सापडली, तर ती पुढच्या चार पानांत मरूनही गेली. आता ही तांबडी नव्हे, दुसरीच कुणी असेल. किंवा हीच तांबडी असेल आणि तुम्ही तिला आपल्यासाठी चार भाग जिवंत ठेवली असेल. तुम्ही असं केलं असतं. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. मला आपलीच गोष्ट बरी.

टीव्हीवरच्या आठच्या मालिकेचंही तसंच. नागलोक, मुकुट, धूर, आणि दर दोन मिनिटांनी वीज. स्वयंपाक उरकून आपण दोघी बसायचो. तुम्ही बघायच्या कमी, बोलायच्या जास्त. हा जादूगार नवशिका आहे, मंतराच्या आधीच हात हलवतो. या राक्षसाच्या धोतराला इस्तरी कोण करून देते. तुमचे भाऊ बातम्यांसाठी रिमोट मागायचे, तुम्ही तो मांडीखाली घ्यायच्या. ते म्हणायचे, "राक्षसाइच्या घरात राह्यतो मी." तुम्ही म्हणायच्या, "राक्षसाले बातम्या नाई लागत, तुले काऊन लागतात?" असं रोज चालायचं. भांडण नव्हतं ते. जेवणाआधी हातपाय धुतात तसं होतं.

भांडण झालं ते सोनूला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी. ते दुपारी यायचे होते. वाट बघून बघून संध्याकाळचे आठ वाजले, आज काही येत नाहीत असं धरून तुम्ही टीव्ही लावला, आणि नेमके तेव्हाच ते दारात. बसायची खोली एकच. तुम्ही उठेपर्यंत पडद्यावर नागाचं तोंड उघडलेलं होतं. मुलाचे काका तुमच्याकडे बघून म्हणाले, या कोण. तुमचे भाऊ घाबरलेले होते. मुलीच्या बापाला त्या दिवशी आपला पाय कुठे पडतो ते कळत नाही. पाहुण्यांना हसवावं म्हणून ते म्हणाले, "माही बहीण हाय. राक्षसंच पाह्यत बसली, म्हून तं नांदली नाई."

पाहुणे हसले. तुम्ही टीव्ही बंद केला, आत आल्या, चहा गाळला, कप ट्रेमध्ये नीट मांडले आणि सोनूच्या पदराची पिन सरळ केली. सोयरीक जमली. लग्नात सगळ्या बायांचे ब्लाउज तुम्हीच शिवले. पण त्या संध्याकाळपासून तुम्ही भावाशी बोलल्या नाहीत.

त्या शब्दाचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाई सासरी राहिली की नांदली, परत आली की नांदली नाही. मधलं काही त्या शब्दात बसत नाही. गोष्टीच्या शेवटीही राजा-राणी नांदायलाच लागतात. तुम्ही म्हणायच्या, तिथंच गोष्ट थांबवतात, कारण पुढचं सांगायला तोंड नसतं.

तुमच्या भावाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आक्कांना लागलं. ते म्हणाले, मस्करी होती, पाहुण्यांसमोर काहीतरी बोलावं लागतं. तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणाल्या, "त्यानं तो शब्द मांगं घ्यावा. मी त्याच घडीले बोलीन." शब्द मागे घेणं त्यांना जमलं नाही. वाईट माणूस नाही तो, तुम्हालाही माहीत होतं. वाकायचं कुठून हे कळत नाही त्यांना.

मग मी मध्ये आले. एकाच खोलीत, एकाच पितळी डब्यातली भाजी वाढता वाढता निरोप सुरू झाले. "तिले सांगजो, गोळ्या टाईमावर घे म्हणा." "त्याले सांग, मी लहान पोट्टी नाई." मी वळून सांगायचे, आक्का घेते म्हणतात. "तिले सांगजो, उद्या नांदुऱ्याले जाऊन राह्यलो, दोरा आणाचा असन तं सांग म्हणा." "त्याले सांग, मागच्या डावाले आणला तसा कच्चा नको आणू." मी सांगायचे, पांढरा आणि काळा आणा म्हणतात, पक्का बघून. दोघांनाही दोघांचं ऐकू यायचं. मी कोणता शब्द गाळला तेही कळायचं. तरी दोघं माझ्या तोंडून आलेलंच खरं धरायचे. न बोलणाऱ्या बाईला देवानं हे काम दिलं, असं मी मनात म्हणायचे. पण खरं सांगते, दुसऱ्याचे शब्द नेता नेताच माझी जीभ सुटली.

मी एकदा माहेरी, पिंपळगावला गेले होते, तेव्हा तुम्ही दोघांनी बकरीला मधला माणूस केलं होतं. हे मला सोनूनं सांगितलं. "सांग वं बकरे तिले, भाजीत मीठ नाई." "सांग वं त्याले, बोटानं मीठ घेता येते म्हणा." मी परत आले तर बकरी माझ्याकडे अशी बघत होती, की बाई, घे तुझं काम तुझ्याकडे.

तुमच्या सासरचं तुम्ही मला एकदाच सांगितलं, तेही मी न विचारता. तूर निवडत बसलो होतो. तुम्ही म्हणाल्या, "तिथी मले कोणी मारलं नाई शोभे. उपाशी बी नाई ठेवलं. कोणी बोलतच नव्हतं. दिवसभर मीच माह्याशी बोलत होती. एक दिवस मले माहाच आवाज वयखू नाई आला. मंग निंगाली." एवढंच. पुढे तुम्ही तुरीतला खडा काढला आणि राक्षसावर आल्या. मला तेव्हा विचारायचं होतं, मग इथं तुम्ही स्वतः अबोला का धरला. विचारलं नाही. आता वाटतं, इथला अबोला वेगळाच होता. त्यात दिवसातून कितीतरी वेळा निरोप जायचे यायचे.

आपलं दोघींचं भांडण मात्र एकच, आणि ते राहूनच गेलं. तांबडीनं गढी जाळावी की नाही.

तुमचं ठरलेलं होतं. "जाळलीच पाह्यजे. त्याच्यासाठीच तं चार पुस्तकं घोरपड पोसली तिनं."

मी म्हणायचे, "आतमधी त्याची बायको हाय ना."

"कोणाची?"

"गढीवाल्याची. दुसऱ्या भागात आली होती एकदा. सज्ज्यातून पाह्यलं तिनं तांबडीले."

तुम्ही मशीन थांबवली. "अवं, तिले तं पुस्तकात नाव बी नाई."

"नाव नाई म्हून जाळावं काय?"

तुम्ही इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "लय बोलाले लागली बापा तू." पण मत काही बदललं नाही. त्या बाईला घोरपडीनं आधी उचलून बाहेर ठेवावं आणि मग गढी जाळावी, एवढ्यापर्यंत तुम्ही आल्या. त्याच्या पुढे नाही.

मग तुमच्या पायावर सूज आली. आपल्याकडचं पाणी खारं, किडन्या जातात, हे सगळे म्हणतात. तुमच्याही गेल्या. रक्त धुवायला खामगावच्या दवाखान्यात जावं लागायचं. जीप ठरवणं, तुम्हाला धरून चढवणं, कागदपत्रं, सगळं तुमच्या भावानं केलं, तोंडानं एक शब्द न बोलता. रक्ताची मशीन चालू असेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. तुम्ही मला म्हणायच्या, त्याले सांग चहा पिऊन ये. मी बाहेर जाऊन सांगायचे. ते म्हणायचे, तिले सांगजो, पेलो. प्यायलेले नसायचे.

सुरुवातीला तिथंही तुम्हीच बोलायच्या. एका हाताला नळी, तो हलवायचा नाही, पुस्तक धरता यायचं नाही, डोळ्यांनाही अंधुक दिसायचं. तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला तुम्ही घोरपडीपर्यंत आणलं होतं. मग तुम्हाला धाप लागायला लागली. एक दिवस तुम्ही डोळे मिटूनच म्हणाल्या, "शोभे, आता तू सांग."

"काय सांगू?"

"पाचवा भाग. त्या माणसाच्यानं लिहिणं होत नाई. माह्याजवळ तेवढा टाईम नाई. तू सांग. हुंकार मी देते."

तिथं नर्स होती, शेजारची बाई होती, तिचा मुलगा होता. माझे कान गरम झाले. मी तुमच्या पांघरुणाच्या काठाकडे बघत सुरुवात केली. तांबडी गढीच्या दारासमोर उभी होती. तुम्ही म्हणाल्या, हुं. मोठं दार बंद होतं, किल्ली राजाच्या कमरेला. हुं. आतली ती बाई, जिला नाव नाही, ती शेण टाकायच्या मागच्या दारानं बाहेर आली. तिनं घोरपडीला बघितलं आणि दाराची चौकट धरली. हुं. तरी ती तांबडीजवळ गेली आणि तिनं विचारलं, जेवल्या का?

शेजारच्या खाटेवरूनही हुं आला. तुम्ही डोळे उघडले. "मंग?"

"मंग तांबडी तिच्या मागं मागं आत गेली. चुलीजवळ बसली. भाकर खाल्ली."

"अन् घोरपड?"

"ती बाहेर थांबली."

"चार पुस्तकं पोसली अन् शेवटी भाकर," तुम्ही म्हणाल्या. हसायला दम नव्हता, पण ओठ हलले. मग थोड्या वेळानं विचारलं, "तो कुठी होता?"

"गढीवाला? तिथीच जेवत होता."

"काय बोलला?"

इथं मी अडकले. तांबडीला आत आणणं मला सोपं गेलं होतं. ताट वाढणंही. पण तो काय बोलला, हे माझ्या तोंडून निघेना. काहीही म्हणता आलं असतं. निरोपात मी रोजच एखादा शब्द गाळायचे, एखादा घालायचे. पण इथं घालायला हात पुढे होईना. मी म्हटलं, ते पुढच्या डावाले सांगते. तुम्ही म्हणाल्या, "पक्कं करून ये. तो नाई बोलला तं माही तांबडी गढी जाळते म्हंजे जाळते."

बाहेर बाकावर तुमचे भाऊ चप्पल काढून बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तुम्ही एक डाव आक्काशी बोला. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं काही करा म्हणून सांगितलेलं हे पहिलंच. ते हाताच्या रेषांकडे बघत राहिले. म्हणाले, "मले नाई येत तसं बोलता. तूच सांग तिले काईतरी, माह्या नावानं." मी म्हटलं, बाकी सगळं सांगते. हे बनवून सांगणार नाही. जीपमध्ये तुम्हाला चढवताना त्यांनी आपला गमचा घडी करून तुमच्या पाठीशी ठेवला. तुम्ही तो काढून टाकला नाही. एवढंच त्या दिवशी झालं.

पुढचा डाव आला नाही. तुम्ही त्याआधीच सकाळी गेल्या, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या असताना. मी चहा घेऊन आले तर मान कलली होती. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. तुमचे भाऊ गोठ्यातून धावत आले आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली. आक्का म्हणून. सोनूच्या सोयरिकीपासून पहिल्यांदा. ती तुम्हाला ऐकू आली की नाही, हे मी सांगू शकत नाही. मला ऐकू आली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तेरवीच्या आधी मलकापूरची मामी भेटायला आली. म्हातारी झाली आहे, तुमच्या आईच्या माहेरची तीच एक उरली. गल्लीतल्या बायाही होत्या, सतरंजीवर बसल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तुमचे भाऊ बाहेरच्या दाराशी. मामी तुमचं चांगलंच बोलत होती. हाताला कशी कला होती, बोलणं कसं गोड होतं. मग उसासा टाकून म्हणाली, "बिचारी नांदली असती तं आज तिच्यामांगं बी कोणी असतं."

बायांनी माना हलवल्या. अशा वेळी हलवतात तशा.

तुमचे भाऊ म्हणाले, "कोण म्हणते नांदली नाई?"

आवाज मोठा नव्हता. मामी दचकली. "अरे, म्या काई वाईट नाई म्हटलं बापा. लोकं म्हणतात तेच म्हटलं."

"लोकाइनं नाई म्हटलं. म्या म्हटलं होतं, पावन्याइच्या म्होरं. चुकलं माहं ते." ते थांबले. मला वाटलं आता बाहेर निघून जातील. पण गेले नाहीत. "ती नांदली मामी. इथी नांदली. तिच्यावाचून हे घर कोणी पाह्यलंच नाई, तुमाले काय सांगू."

मामीनं पदर डोळ्याला लावला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात आणखी दोन वाक्यं बोलले, जी मामीला ऐकू गेली नसतील. आणि त्याच्या मागोमाग, जसं रोज म्हणायचे तसंच म्हणाले, "तिले सांगजो."

मी सवयीनं मान हलवून हाव म्हटलं.

म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि बकरीला चारा टाकायला निघून गेले. चारा मी आधीच टाकला होता. मी मामीला पाणी दिलं. नंतरही आम्ही दोघं त्याबद्दल बोललो नाही.

पण मी हाव म्हटलं आहे, आक्का. आजवर तुम्हा दोघांचा एकही निरोप मी मध्येच ठेवलेला नाही. हा कसा पोचवायचा मला माहीत नव्हतं, म्हणून दुपारभर इथं बसून लिहिलं. अक्षर वाकडं आहे, तुम्ही वाचून घ्याल. यात मी काही गाळलं नाही आणि माझं काही घातलं नाही. त्यांच्या तोंडचं जसं होतं तसं देते.

तो शब्द मांगं घेतला म्हणतात. अन् म्हणतात, तिले सांगजो, आपण तिघं नांदलो.